मागचा पंख, दोन खटके

पडद्यावर अनिशची शर्यतीची गाडी तळ्याकाठच्या वळणावर पुन्हा गर्रकन फिरली, तेव्हा शेजारच्या कॉम्प्युटरवर देवश्री आपल्या निकालाचं पान उघडायची वाट पाहत होती. पान उघडेना. गाडी मात्र फिरतच होती.

"मागून हलकी आहे," ती न राहवून म्हणाली.

"कोण?"

"गाडी! मागचा पंख वाढव ना, हवा गाडीला खाली दाबून धरते. आणि ऐन वळणात रेस काहून सोडतो?"

"भेव लागते न," तो इतक्या सरळपणे म्हणाला, की तिला हसू आलं.

बालाघाटच्या बस स्टँडमागे प्रेमलालचं हे गेमचं दुकान. स्टिअरिंग असलेलं मशीन एकच. पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला असलेली देवश्री त्या दिवसापासून कॉलेज सुटल्यावर तिथं येऊ लागली. अनिश कटंगीचा. बी.ए. झालेला, नोकरीच्या शोधात मावशीकडे राहणारा. तो स्टिअरिंग धरायचा, ती स्टुलावर बसून माउस हलवायची. टायरमधली हवा थोडी कमी… पुढचे ब्रेक थोडे जास्त… आता चालव. नाही, थांब, अजून एकदा.

वळणात रेस सोडायची त्याची खोड काही सुटेना. मग तिनं गाडीच त्या खोडीच्या मापाची केली. मागचा पंख दोन खटके वाढवला, आणि गाडी रस्त्याला चिकटून वळली.

"आता हे माझ्या हाताची झाली," तो म्हणाला. बोलताना त्याची नजर पडद्यावर नव्हती. तिनं मात्र पडद्याकडेच पाहिलं.

डिसेंबरात प्रेमलालनं जाहीर केलं, की तो नागपूरला दुसरं दुकान उघडतोय. "जिसकी गाड़ी सबसे तेज, नागपूर की दुकान वही सँभालेगा," तो गल्ल्यावरून ओरडला. "ग्राहक को सिखाने वाला भी तो चाहिए!" शर्यत रविवारी ठरली. प्रत्येकाला तीन चकरा, आणि ज्याची एक चक्कर सर्वांत कमी वेळात होईल तो जिंकला.

शनिवारी दुपारी अनिशचे डोळे चमकत होते. "जिंकलो तं सोमवारच्या बसनं चाललो मी. नोकरी लागली म्हणून बाबाले सांगता येईन."

"हौ," देवश्री म्हणाली.

"बस, हौ?"

"मग काय… बँड लावू?"

तो हसत चहा सांगायला बाहेर गेला. पडद्यावर त्याची गाडी उभी होती. तिनं मागचा पंख एक खटका उतरवला. मग दुसरा. आणि सेव्हचं बटण दाबलं.

हे आपण काय केलं, ते तिला घरी पोचल्यावर कळलं. उद्या लवकर जायचं, कुणी यायच्या आत नीट करून टाकायचं, असं तिनं ठरवलं. पण रविवारी आईनं पाहुण्यांच्या पोह्यांना जुंपलं, आणि ती धापा टाकत दुकानात पोचली तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. स्टिअरिंगवर चिन्मय बसला होता. अनिश सोडला तर दुकानातला सर्वांत वेगवान तोच.

"देवश्री, तुमचीच सेटिंग घेतली बरं का," तो मान वळवून म्हणाला. "राग मानू नको."

राग मानायचं कारणच नव्हतं. सगळ्या सेटिंग एकाच मशीनमध्ये असायच्या. ज्याला जी आवडेल ती त्यानं उचलावी, अशीच दुकानाची रीत होती. देवश्रीनं मात्र एक पाऊल पुढे टाकलं. थांब म्हणावं… पण म्हणायचं काय?

चिन्मय सुटला. तळ्याकाठच्या वळणावर गाडीची मागची बाजू सुटली, गाडी गोल फिरली आणि आल्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकली — रॉंग वे. दुकान खिदळलं. दुसऱ्या चकरेत तेच. तिसरी त्यानं जपून मारली आणि स्टिअरिंगवर थाप मारून उठला. "ये कैसी सेटिंग है यार! मागून फेकूनच देते!" तरीही त्याची वेळ सर्वांत चांगली होती.

अनिश हसला नाही. त्यानं पडद्यावरचा पंखाचा आकडा पाहिला. मग तिच्याकडे पाहिलं.

"अनिश, जल्दी बैठ!" प्रेमलाल ओरडला. "बारह बजे कटौती है, बिजली गई तो गई!"

तो बसला. ती नेहमीच्या स्टुलाशी गेली. गर्दी मागे होती, आवाज होता; त्या दोघांपुरती तेवढीच आडोशाची जागा.

"तू केलं?"

"हौ."

"काहून?"

"तू जिंकशील म्हणून."

मागून कुणीतरी शिटी मारली. अनिशनं माउसवरचा हात काढला आणि माउस तिच्याकडे सरकवला.

"आता तूच लाव. जे लावशीन, थेच चालवतो."

"वेडा आहेस का? नोकरी आहे ती तुझी—"

"म्हून तं. लाव."

त्याची नजर शांत होती, आणि तेच तिला सोसेना. तिनं माउस धरला. एक खटका वर. क्षणभर थांबली… आणि दुसरा.

"जा," ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज भरू दिला नाही.

पहिली चक्कर बेताची गेली. दुसरी चिन्मयच्या केसभर मागे. तिसऱ्या चकरेत तळ्याकाठचं वळण आलं. त्यानं नेहमीसारखी घाबरून रेस सोडली… मागची चाकं जराशी थरथरली, आणि गाडी रस्त्याला चिकटून वळली. सरळ रस्ता. शेवटची रेघ. वेळेचा आकडा पडद्यावर उमटला आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. दिवेही गेले. बारा वाजले होते.

"देखा! मैंने देखा!" अंधारातून प्रेमलालचा आवाज आला. "नागपूर पक्का!"

"मैंने भी देखा, क्या करूँ," चिन्मय म्हणाला, आणि सगळे हसत, ढकलत उजेडात निघाले.

ती स्टुलावरून उठली नाही. तोही नाही. अर्ध्या शटरखालून ऊन आत येऊन तिच्या चपलांपर्यंत पोचलं होतं.

"रागावला?"

"लय. चिन्मय फिरला तवा." तो थांबला. "मंग तू सांगितलं. थो राग कुठी गेला, समजलंच नाही."

"आता जाशील न?"

"जाईन. शनिवारी येईन. दर शनिवारी." त्याचा हात अंधारात चाचपडत माउसपाशी आला, तिथं तिचा हात होता. "आणि नागपूरच्या मशीनवर मी मागचा पंख दोन खटके कमीच ठेवीन."

"काहून? फिरशील!"

"फिरू दे. फिरलेल्या गाडीचं तोंड मागं होते न… इकडं."

"रॉंग वे दाखवेल मग," ती म्हणाली.

"दाखवू दे."