दोन हिसके

तो मोबाईल ठेव बाजूला. आणि दार लोटून घे, आत ताई झोपलीय. गोष्ट तिच्याच बाबांची आहे, माझ्या साडूची. थापा मारायचा मला कोणी पगार देत नाही, तेव्हा मध्ये मध्ये फिदीफिदी हसायचं नाही.

साडू तेव्हा प्लगच्या कारखान्यात तपासनीस होता. भिंतीतले प्लग नव्हेत रे. दवाखान्यातल्या मशीनच्या वायरींना लागतात ते, बोटाच्या पेराएवढे. ते एका थरथरणाऱ्या टेबलावर रात्रभर बसवून ठेवायचे. प्रत्येकाला जोडलेला एक बारीक दिवा. थरथरीने आतला जोड क्षणभर जरी सुटला, तरी दिवा लुकलुकणार. तसा प्लग नापास, त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. बाकीच्यांवर पिवळा.

हे काम त्याला एका म्हाताऱ्या तपासनिसांनी शिकवलं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांना एक खोड होती. प्लग टेबलावरून काढला की दोन हिसके देऊन बघायचे, आणि मग कशालाच सोडायचे नाहीत. दाराची कडी, पिशवीचा बंद, खुर्चीचा पाय. साडू घरी निघाला की मागून बाही धरून दोनदा ओढायचे आणि म्हणायचे, "टिकशील." त्या टेबलाशेजारीच, खुर्चीत बसल्या बसल्या मामा गेले. मग रात्रपाळी साडूकडे एकट्याकडे आली आणि याचं फावलं. सकाळपर्यंत चालवायचं टेबल हा मध्यरात्रीच बंद करायचा, सरसकट पिवळे ठिपके द्यायचा आणि घरी येऊन ताणून द्यायचा. "कधी लुकलुकलाय एक तरी दिवा?" असं मलाच विचारायचा.

नोव्हेंबरची एकवीस तारीख, मंगळवारची रात्र. तुमची मावशी दवाखान्यात होती. ताई दिवस भरायच्या आधीच झालेली, काचेच्या पेटीत, श्वासाच्या मशीनवर. मावशी म्हणाली, "आज नका ना जाऊ."

"माल सकाळी जायचाय. टेबल बंद करतो, ठिपके देतो, हा आलोच."

साडेअकराला कारखान्यात पोचला. संध्याकाळच्या पाळीने लावून ठेवलेलं टेबल थरथरत होतं, दिवे नीट लागलेले. त्याने बटण दाबलं. टेबल थांबलं. पिवळी बाटली उघडून तो ठिपके द्यायला लागला.

कोपऱ्यातला दिवा लुकलुकला.

टेबल बंद होतं. काहीसुद्धा हलत नव्हतं. तो बघत राहिला... पुन्हा लुकलुकला. मग शेजारचा. मग सगळी रांग. एकदा... दोनदा. आणि मागून त्याची बाही ओढली गेली.

एकदा...

त्याला वळवेना.

दोनदा...

तो तसाच उभा राहिला. त्या एका शब्दाची वाट बघत. मामांच्या त्या "टिकशील"ची.

शब्द आला नाही.

तिथून तो दवाखान्यात कसा पोचला, त्याचं त्याला माहीत. मावशी पेटीपाशी बसलेली. मशीन चालू. पोरगी श्वास घेत होती. साडू मशीनच्या मागे गेला, वायर धरून टोकापर्यंत आला. टोकाला प्लग. त्यांच्याच कारखान्यातला. वर पिवळा ठिपका, याच्याच हातचा, मागच्या महिन्यातला.

त्या पिवळ्यावर... लाल.

ओला.

त्याने दोन्ही हातांनी प्लग दाबून धरला. सिस्टर धावत आली. "हात काढा तिथून."

"वायर बदला."

"अहो, मशीन चालू आहे."

"बदला, सिस्टर. पाया पडतो तुमच्या."

त्याचा चेहरा बघून तिने वाद घातला नाही. तिने हाताने फुगा दाबून पोरीला श्वास दिला, हाकेला आलेल्या दुसऱ्या सिस्टरने नवी वायर लावली. साडूने मूठ उघडली, तर प्लगचे दोन तुकडे तळहातावर पडले. सिस्टर तुकड्यांकडे बघत राहिली.

पहाटे ती दुपटं बदलायला आली. पोरीचा पाय उचलला आणि थांबली.

"टाचेला हा रंग कोणी लावला?"

साडूने डोळे गच्च मिटले. म्हणाला, "कुठला रंग? कुठला ते सांगा."

"...पिवळा."

पेटीत पोरीच्या पायाकडे रात्रभर कोणाचा हात गेला नव्हता. मावशी तिथून हलली नव्हती. मावशीला आठवत होतं ते एवढंच, की हा कारखान्यात असताना पोरगी झोपेत दचकली होती. पाय कोणी ओढावा तशी. दोनदा.

सकाळी त्याने मालकाला सगळं सांगितलं आणि मागचा सगळा माल परत मागवायला लावला. नोकरी जाता जाता राहिली. आता टेबल उजाडेपर्यंत चालवतो, समोर बसून.

तो ठिपका घासून गेला नाही, वाढत्या वयाने गेला नाही. सकाळी ताई चप्पल घालायला वाकली की बघा. आत्ता कोणी आत जायचं नाही.

साडू मात्र रोज निजायच्या आधी पाय धुतो आणि दिव्याखाली धरून स्वतःच्या टाचा बघतो. म्हणतो, पोरगी पास झाली, माझा निकाल राहिलाय. काल इथे मुक्कामाला होता, तेव्हा मीही वाकून बघितलं.

अजून काही नाही.