हार्कनेसच्या भिंतीचे दगड

खड्डा गुडघाभर खोल झाल्यावर डेल्माने फावडं खाली ठेवलं. बंडाबर्गजवळच्या त्या उसाच्या मळ्यात ऊन मानेला चटके देत होतं. खड्ड्यात लाकडं, त्यांवर काळे दगड. दगड लाल झाले की केळीच्या पानांत बांधलेलं डुक्कर आणि कंद त्यांत पुरायचे. तिच्या माणसांचा सणाचा स्वयंपाक असाच व्हायचा. फक्त आजचे दगड मळ्याचा मालक हार्कनेस याच्या भिंतीतून काढलेले होते.

ती भिंत डेल्माच्या नेसीआत्याच्या आजोबांनी रचलेली. दूर समुद्रातल्या टान्ना बेटावरून त्यांना फसवून जहाजात घातलं होतं आणि हार्कनेसच्या आजोबांनी इथे मरेपर्यंत राबवलं होतं. ते पुरलेलेही इथेच, उसाखाली. आत्याचे आता फार दिवस उरले नव्हते. जाण्याआधी तिला याच दगडांवर शिजलेलं, हार्कनेससोबत एका पानात खायचं होतं.

"या उन्हात स्वेटर?" आत्याने खुर्चीतून विचारलं.

"थंडी वाजते, नेसी," म्हातारा हार्कनेस म्हणाला. "बाबांनाही वाजायची. आमचं घरच गार."

"दुसऱ्यांनीच घाम गाळला तुमच्यासाठी. तुम्हाला कुठून यायचा?"

तो कसनुसा हसला आणि विस्तवाजवळ सरकला.

दुपार कलली. डेल्मा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने दुरूनच मोजणारा तापमापक निखाऱ्यांवर रोखला. सहाशे अंशांच्या वर. दगडांवर रोखला. बावीस. बॅटरी बदलली. तरी बावीसच. शेवटी तिने एका दगडाला बोट लावलं. विहिरीतून काढल्यासारखा गार.

"ओले असतील," आत्या म्हणाली.

"ओले असते तर फुटले असते गं."

आत्याने दगडांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आज नाहीच का?"

ढिगावरचा एक दगड घरंगळत हार्कनेसच्या बुटाशी आला. त्याने वाकून तो दोन्ही हातांनी उचलला आणि परत विस्तवावर ठेवला.

चर्र झालं.

तेवढा एकच दगड लाल होत गेला.

"याआधी कधी उचलला होता तुम्ही?" डेल्माने विचारलं.

"छे. आमच्यात कुणी या दगडांना हात लावायचा नाही. आजोबांचा नियम होता."

"आणखी एक उचला."

दुसराही लाल झाला.

डेल्मा फावड्याने एकेक दगड बाहेर ओढत गेली, हार्कनेस तो उचलून परत ठेवत गेला. धापा टाकत, वाकत, पुन्हा वाकत.

"कंबर सांभाळ रे," आत्या म्हणाली. "माझ्या आजोबांना हे कुणी म्हटलं नव्हतं."

शेवटचा दगड ठेवून त्याने स्वेटर काढला. कपाळावरचा ओघळ बोटाने पुसला आणि त्या बोटाकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

दिवस मावळता मावळता बाहेर काढलेलं डुक्कर मऊ शिजलं होतं. दोघं एका पानात जेवली.

"तुझे आजोबा जिथे पुरलेत ना, नेसी, तिथे आता ऊस लावणार नाही मी. खुणेचे दगड लावू. तू सांगशील तसे."

"मीच बसणारे खुर्ची टाकून मुकादमासारखी. आता खा. गार होतंय."

हसण्याचा आवाज ऐकत डेल्मा भिंतीच्या सावलीतल्या बाजूला गेली. एका दगडावर तिने हात फिरवला. मध्ये तो गार होता. दोन्ही कडांशी मात्र कोमट, उचलताना माणूस जिथे पकडेल नेमका तिथे. पलीकडचा दगडही तसाच. त्याच्या पलीकडचाही.

तिने हात मागे घेतला. तळवा ओला झाला होता. तिने तो नाकाशी नेला.

घामाचा वास होता.