कुशाबाचे ओठ

विश्वास ठेवायचा तर ठेवा. माझ्या मावसबहिणीवर, मृणालिनीवर गुदरलेली ही खरी गोष्ट आहे. यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

साल अठ्ठ्याण्णव. जागा मुंबईतली काळाचौकी. रात्र वगैरे नव्हती हो, चांगली भरदुपार होती!

ब्याऐंशीच्या संपानंतर बंद पडलेल्या एका कापड गिरणीच्या कापूस-गोदामात प्रयोगशाळा निघाली होती. मृणा तिथे नोकरीला. तिचे बाबा, गुणाजी, त्याच गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. पण लेक तिथे लागल्यापासून ते एकदाही तिकडे फिरकले नव्हते.

तिचं काम एका पावडरीवर. रुथेनियम नावाच्या धातूचं संयुग सिलिकाच्या बारीक कणांत कोंडायचं. निळा प्रकाश टाकला की पावडर तांबूस चमकते. हवेतला प्राणवायू लागला की मंदावते. जिथे प्राणवायू नाही, तिथेच लख्ख.

त्या दुपारी अंधाऱ्या खोलीत तिने पावडर लावलेली काच निळ्या दिव्याखाली ठेवली.

खोलीत भरपूर हवा. काच मंदच राहायला हवी होती.

पण मधोमध एक ठिपका पेटला... पसरला... आणि त्याचे ओठ झाले.

ते हलत होते.

आवाज नव्हता. साच्यांच्या खडखडाटात गिरणीवाले ओठांवरूनच बोलणं ओळखायचे. बाबांचे कान त्यातच गेले, म्हणून मृणालाही ते वाचता यायचं.

"गुणा... भर... गुणा... भर..."

घरी सांगितलं तेव्हा बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"कुशाबा! माझ्या बाजूच्या साच्यावर असायचो तो. सूत संपला की 'गुणा, कांडी भर' म्हणान दिवसभर हाका मारी. संपात तो गपचूप कामाक जाऊक लागलो. माका राग इलो. घाबरवूक म्हणान, तो आत असताना मी त्याच गोदामाक भायरसून कडी घातलंय... आत कापूस पेटलो गो. धुरान गेलो तो."

मृणाला पटेना. आपले बाबा?

"अजून 'भर'च म्हणता मा? म्हणजे रागावलो नाय तो." म्हातारा लहान मुलासारखा रडला. "माका घेऊन चल. पाय धरीन त्याचे."

दुसऱ्या दुपारी ते काचेसमोर उभे राहिले. हात जोडले. आवाज न करता ओठ हलवले... माफ कर.

काच पेटली. इतकी लख्ख, की बाबांचा चेहरा लालभडक झाला.

बाबा गळा धरून खाली बसले. मृणा त्यांना खेटून होती. तिला श्वास नीट येत होता... त्यांना येत नव्हता.

"भर नाय गो..." ते कसेबसे मोठ्याने बोलले. "मर म्हणता तो."

ओठांवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात.

डॉक्टर म्हणाले, गुदमरून गेले. कशाने, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तेराव्यानंतर मृणा ती काच खरवडायला गेली. दिवा लावला.

ओठ होते... पण कुशाबाचे नव्हते. डावीकडे किंचित ओढलेले. बाबांचे.

"दार उघड गो, बाय... दार उघड..."

तिने धावत जाऊन दार सताड उघडलं. खिडक्या उघडल्या. उन्हातही ओठ तेच म्हणत राहिले.

काच तिने फोडली नाही. कशी फोडणार? ती तिच्या घरी, कपाटात आहे. मला ओठ वाचता येत नाहीत, हे माझं नशीब. तरी तिच्याकडे गेलो की मी त्या कपाटाकडे बघत नाही.

त्याची दारं तिने बिजागऱ्यांसकट काढून टाकली आहेत.