तिसरी प्लेट

खाणावळ म्हणावी तर चारही भिंती चित्रांनी भरलेल्या, आणि चित्रांचं दालन म्हणावं तर आतून भाजलेल्या लसणीचा वास येत होता. जागा लेकीनेच ठरवली होती. वर्षभराने ती नोकरीच्या गावाहून येत होती. बसमधून उतरल्यावर आधी इथे पोटभर जेवायचं आणि मगच घरी जायचं, असं तिने आईला फोनवर बजावलं होतं. आता बसची वेळ टळून गेली होती आणि तिचा फोन लागत नव्हता.

आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. काचपट्टीवर दिसतं तेवढं खरं, बाकी सगळ्या बाता, असा तिचा खाक्या. त्यामुळे ती काळजी करत नव्हती, नुसती फोन उलटासुलटा करून बघत होती. बाबांनी मेनूकार्डात डोकं घातलं होतं, उद्या त्यावर परीक्षा असल्यासारखं.

शेजारच्या टेबलावर हिरवा स्वेटर घातलेल्या बाई नवऱ्याबरोबर बसल्या होत्या. त्यांचीही एक खुर्ची रिकामी होती. "आमचे चिरंजीव मोटरसायकलवरून येताहेत," बाई कौतुकाने म्हणाल्या, "म्हणजे अजून आरशासमोर असतील."

म्हातारा वाढपी आला. त्याने माणसांकडे पाहिलंच नाही. टेबलामागच्या भिंतीवरच्या चित्राकडे मान वर करून बघितलं आणि तीन प्लेटा मांडल्या.

"तिसरं माणूस यायचंय, हे तुम्हाला कसं कळलं?" बाबांनी विचारलं.

"चित्रात जेवढे, तेवढ्या प्लेटा. मालकीणबाईंची पद्धत आहे. चित्रं त्याच काढतात, स्वयंपाकही त्यांचाच."

चित्रात खिडकीपाशी तीन माणसं पाठमोरी जेवत होती. एक टक्कल, एक अंबाडा आणि एक सैल वेणी, गळ्यात पिवळा स्कार्फ.

"तुमचं टक्कल अगदी बरोब्बर उतरलंय," आई म्हणाली.

"काढायचंच होतं, तर चार केस द्यायला काय जात होतं यांचं?"

आई हसली. लेकीकडेही असाच पिवळा स्कार्फ होता. असतात पुष्कळांकडे, असं तिने स्वतःला सांगितलं.

सूप आलं, संपलं. फोन लागेना. आईने सहज वर पाहिलं, तर वेणी नव्हती. खुर्चीच्या पाठीवर नुसता स्कार्फ लोंबत होता. तिने चष्मा पुसला. तरी तेच.

"अहो, चित्रात किती माणसं होती?"

"दोन-तीन असतील. का गं?"

तिने उठून रंगाला बोट लावलं. रंग खडखडीत वाळलेला होता आणि त्यावर जुनी धूळ होती. ती खाली बसली, पुन्हा वर बघितलं. आता स्कार्फही नव्हता. तिसरी खुर्ची टेबलाखाली सारून ठेवली होती, जेवणं उरकल्यावर ठेवतात तशी.

आईने पुन्हा फोन लावून पाहिला.

वाढपी भाजलेल्या बटाट्यांचं भांडं ठेवून तिथेच घुटमळला. मग त्याने हात पुढे केला. "ही प्लेट उचलतो."

"का?"

"चित्रात दोघंच आहेत, बाई."

आईने प्लेटवर तळहात दाबून धरला. प्लेट बर्फासारखी गार होती. "माझी मुलगी येतेय."

"सगळे असंच म्हणतात," तो खाली बघत पुटपुटला. "पण द्यावी लागते."

"नाही देत जा!"

बाबा चकित होऊन बघत राहिले. आईने एका हाताने प्लेट धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने त्यात बटाटे वाढले, वर लसणीचं लोणी घातलं. आपण वेड्यासारखं वागतोय हे तिला कळत होतं. तिने हात काढला नाही.

लोणी विरघळेना.

वाढपीही हलेना.

मग लोणी कडेने हळूहळू पाझरायला लागलं. तळहाताखाली प्लेट कोमट झाली. वाढपी निघून गेला.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि लेक आत आली. कपाळावर खरचटलेलं, गळ्यात पिवळा स्कार्फ.

"पुलावर बस कठड्याला घासली," ती धापा टाकत म्हणाली. "फोन फुटला. आणि गंमत ऐक आई, मी खिडकीशी बसले होते ना, तर एकदम लसणीचा वास आला! चालत्या बसमध्ये! कोण काय खातंय बघायला उठून पुढे गेले, आणि कठड्याचा गज माझ्या सीटमधून आरपार गेला. बाकी कुणाला काही झालं नाही."

आईने तिला घट्ट मिठी मारली आणि सगळ्यांदेखत हमसून रडली. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि आधी स्वतःचेच डोळे पुसले.

चित्रात पुन्हा तिघं जेवत होती.

लेक बटाट्यांवर तुटून पडली. आई तिच्याकडे बघत राहिली, तिचं मनच भरेना. तेवढ्यात शेजारी कुणीतरी हसलं.

वाढपी तिथल्या टेबलाशी हात पुढे करून उभा होता. त्या टेबलामागच्या चित्रात दोघंच जेवत होती, तिसरी खुर्ची आत सारलेली होती.

"न्या हो, न्या," हिरव्या स्वेटरवाल्या बाईंनी तिसरी प्लेट आपल्या हाताने उचलून त्याला दिली. "आमचे चिरंजीव कसले येताहेत वेळेवर!"

आईने तोंड उघडलं.

वाढपी तिच्याकडे बघत होता. आज पहिल्यांदाच त्याने माणसाकडे पाहिलं होतं.

"आई, अजून वाढ ना," लेक म्हणाली.

आईने मान खाली घातली आणि तिला आणखी एक बटाटा वाढला.