तुम्हालाही

सोफियातल्या त्या गल्लीतलं दुकान तळघरात होतं. त्याची खिडकी थेट फुटपाथला टेकलेली. काही घ्यायचं तर गिऱ्हाइकाने उकिडवं बसून आत वाकायचं. आत स्टुलावर बसलेल्या इस्क्राला जग घोट्यापासून खालीच दिसायचं: बूट, कुत्र्यांचे पंजे, गळलेली पानं.

शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र येईपर्यंत तिने हे काम धरलं होतं. पहिल्याच दिवशी मालकीणबाई, नेव्याना मावशी, तिला किल्ली देऊन घाईने निघाल्या. डोक्याला काळा रुमाल होता. जाताजाता त्यांनी बजावलं, "जो वाकून तोंड दाखवेल त्याच्याशी खुशाल गप्पा मार. जो वाकणार नाही त्याला फक्त 'दिवस हलका जावो'. 'पुन्हा या' म्हणायचं नाही."

"का? गिऱ्हाईक परत आलेलं चालत नाही का तुम्हाला?"

"कोण येतंय त्यावर आहे, पोरी."

झालं! म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारला की अशीच अर्धी उत्तरं मिळतात, असं मनाशी म्हणत इस्क्रा स्टुलावर बसली. आधी ती सुपरमार्केटमध्ये होती. 'पुन्हा अवश्य या' तिच्या जिभेवर पक्कं बसलं होतं. आणि तसंही, निरोपाचे शब्द ऐकतं कोण? इथल्या बोलीत निरोप म्हटला की सगळंच हलकं असतं. दिवस हलका जावो, संध्याकाळ हलकी जावो, काम हलकं होवो. समोरचा न ऐकताच म्हणतो, 'तुम्हालाही.' एकदा याच गल्लीतल्या एका खडूस गृहस्थाला तिने त्याच गोड सुरात "तुमची छत्री उलटी होवो" म्हटलं होतं. तो म्हणाला, "तुम्हालाही!" आणि चालता झाला.

त्या पहिल्या दिवशी पाचच्या सुमारास तपकिरी बूट येऊन थांबले. कोरे करकरीत. गुडघे वाकले नाहीत. वरून एक हात मात्र खाली आला, लांबच लांब, इस्त्रीच्या बाहीचा.

"पन्नास ग्रॅम बिया."

तिने सूर्यफुलाच्या बियांची पुडी दिली. "पुन्हा या हं!"

बूट जरा घुटमळले.

"येईन," वरून आवाज आला.

तेव्हापासून ते रोज येऊ लागले. पाच वाजता, तोच हात, त्याच बिया. खिडकीपुढे सगळी गल्ली टरफलं थुंकायची. यांचं टरफल एकदाही पडलं नाही. तिसऱ्या आठवड्यात धो धो पाऊस लागला, फुटपाथवरून पाण्याचे लोट वाहत होते आणि ते बूट कोरडे होते. चामड्यावर एक थेंब नव्हता.

इस्क्रा घाबरली नाही, चिडली. नेव्याना मावशींच्या पुतणीला ही जागा हवी होती, हे तिला ठाऊक होतं. आपल्याला पळवून लावायला कुणालातरी नवे बूट घालून पाठवायचं, एवढंच ना? पाच आठवडे तिने सहन केलं. एका दुपारी मावशी ताटलीत साखर पेरलेले उकडलेले गहू घेऊन आल्या, तेव्हा ती खेकसलीच.

"त्या बूटवाल्याला सांगा, मी जाणार नाही म्हणून!"

"कुठला बूटवाला?"

तिने सांगितलं. मावशींनी ताटली खाली ठेवली.

"तू... 'पुन्हा या' म्हणालीस?"

"रोज म्हणते!"

मावशी तिला दंडाला धरून वर इमारतीच्या दारापाशी घेऊन गेल्या. दारावर मृत्यूची पत्रकं चिकटवलेली असतात, ती इस्क्राने कधी वाचली नव्हती. आज एक ताजं होतं. मेतोदी, घड्याळजी, तिसरा मजला. चाळीस दिवस झाले.

"हे त्याच्याच चाळिसाव्याचे गहू," मावशी पुटपुटल्या. "रोज पाचला बिया घ्यायला उतरायचा. तुला किल्ली दिली ना, तेव्हा मी त्याच्याच दफनाला निघाले होते. बायकोने नवे तपकिरी बूट चढवले होते त्याला. मेल्यावर चाळीस दिवस सगळीकडचा निरोप घेत फिरतात बिचारे, मगच जातात. तुझ्या खिडकीशी निरोपच घ्यायला आला असेल... तू बोलावलंस."

"हे आधी का नाही सांगितलंत? नुसतं 'असं करू नकोस' म्हणायचं!"

"सांगितलं असतं तर हसली असतीस."

ते खरं होतं. म्हणून तिला आणखीच राग आला.

"आज शेवटचा दिवस," मावशी म्हणाल्या. "आज नीट निरोप दे. नाहीतर तो या दारातच राहील, आणि तूही या खिडकीशी. काय म्हणायचं ते ठाऊक आहे तुला."

ठाऊक होतं. 'माती हलकी होवो.' पण हे मेलेल्याच्या माघारी म्हणतात. तोंडावर म्हणणं म्हणजे मर म्हणणं.

"आणि तो जिवंत निघाला तर?"

"तर थोबाडीत खा एक. त्यात काय मोठंसं?"

पाच वाजले. बूट आले. हात खाली आला. या वेळी इस्क्राने बाहीकडे नीट पाहिलं. बटणाच्या काजात ओल्या मातीचा कण होता.

"पन्नास ग्रॅम बिया."

तिने पुडी पुढे केली. ओठांवर सवयीने 'पुन्हा' आलं होतं, ते तिने गिळलं.

"माती... माती हलकी होवो."

बूट थांबले. मग वरून आवाज आला, नेहमीसारखा सभ्य, काहीही न ऐकता दिल्यासारखा.

"तुम्हालाही."

आणि बूट निघून गेले.

दुसऱ्या दिवशी इस्क्रा हलक्या मनाने स्टुलावर बसली. पोस्टमन वाकला, सिगारेट घेतली. "दिवस हलका जावो!" ती म्हणाली. एरवी न चुकता उत्तर देणारा पोस्टमन काही न बोलता उठला. नंतर बाबागाडीवाली आली, तीही तशीच गेली. मग शाळेची पोरं, मग तो छत्रीवाला खडूस. प्रत्येकाला तिने निरोप दिला, शेवटी तर ओरडून दिला. कुणाच्याही तोंडून 'तुम्हालाही' आलं नाही. शेवटचं 'तुम्हालाही' तिला मिळालं होतं ते काल, मातीच्या निरोपाला.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा कमी होते. इस्क्राने बियांची पुडी बांधली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ती त्या बुटांची वाट पाहू लागली.