छोटीआत्याचा दाखला

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कोणाची समजूत घालायला बसलेली नाही.

यात अमावास्या नाही, ओसाड बंगला नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेतीन. जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाच्या तळघरात, ट्यूबलाइटखाली मी बसले होते. माझं डोकं ठिकाणावर होतं. फक्त तापलेलं होतं.

तापवलं होतं माझ्या चुलतभावानं. आम्ही त्याला दादा म्हणतो.

आमच्या थोरल्या आत्याला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. दादानं हॉल घेतला, पत्रिका वाटल्या आणि तिला वंशवृक्षाची मोठी फ्रेम भेट द्यायचं ठरवलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. म्हणून नावं-तारखा जुळवायचं काम माझ्या गळ्यात.

या आत्याला सगळे छोटीआत्या म्हणतात. पाच भावंडांत थोरली, तरी छोटी. घरात यावरून किती चेष्टा चालायची! पण असं का, हे कुणीच कधी विचारलं नाही. मीही नाही.

"आजीची तीन बाळं गेली होती ना रे? ती कुठे दाखवायची?" मी दादाला फोनवर विचारलं.

"जगलेलीच घे गं. उगाच फांद्या वाढतात. चार्टमध्ये बसत नाहीत."

बसत नाहीत म्हणे! आजीच्या पोटात नऊ-नऊ महिने बसली होती ती. मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या नोंदी बघायचा अर्ज टाकला.

तिथले रेकॉर्डकीपर निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी पद्धत समजावली. जन्माची वही वेगळी, मृत्यूची वेगळी. बापाच्या नावानं दोन्ही शोधायच्या आणि एकमेकींशी जुळवायच्या. तान्ह्यांना बहुतेक वेळा नावच नसतं.

आजोबांचं नाव सापडलं. मुलगा, वय नऊ दिवस. मग आणखी एक. मुलगा, वय एक महिना. दोघेही इस्पितळात गेलेले, म्हणून इस्पितळानंच कळवलेलं.

तेवढीच एकेक ओळ... पुढे काही नाही.

मग छोटीआत्याची जन्मनोंद आली. तिचं नाव, तिची तारीख. मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"उक्..."

उचकी.

इवलीशी. दूध पिऊन झाल्यावर तान्ह्या बाळाला लागते तशी.

"पाणी प्या, मॅडम," रेकॉर्डकीपर वर न बघता म्हणाले.

"मला नाही लागली."

त्यांनी मान वर केली. तळघरात आम्ही दोघंच होतो.

"उक्..."

या वेळी माझ्या कोपरापाशी. वहीच्या बाजूनं.

 त्यांनी मृत्यूच्या वहीत पुन्हा बघितलं आणि ते म्हणाले, "या मुलीपुढे मृत्यूची नोंद नाही. कागदावर ही जिवंत आहे."

"कागदावर कशाला? खरंच जिवंत आहे. माझी आत्या आहे ती."

यावर उचकी एकदम थांबली. 

संध्याकाळ व्हायच्या आत मी छोटीआत्याकडे गेले. ती टेलिफोन ऑपरेटर होती. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. एक सवय होती तिला. आपण तिच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही की चष्म्याचं घर टेबलावर आपटायची. टक... टक... मग ऐकावंच लागायचं.

"आत्या, पाच जगलेली आणि तीन गेलेली, म्हणजे जन्माच्या आठ नोंदी हव्यात ना? मला सातच मिळाल्या. एका बाळाची नोंदच नाही."

तिनं चष्म्याचं घर हातात घेतलं, आपटलं मात्र नाही.

"ती माझी," ती म्हणाली.

"काय?"

"नसलेली नोंद माझी आहे. तुला सापडली ती मोठीची."

मोठी. आजीची पहिली मुलगी, चार महिन्यांची होऊन घरातच गेली. मोठीच्या जन्मानंतर दोन वर्षांनी ही जन्मली. आजोबांनी हिचं तेच नाव ठेवलं. मोठीचा मृत्यू नोंदवला नाही आणि हिचा जन्मही नोंदवला नाही. नाव तयार होतं, दाखला तयार होता. पुन्हा कोण जाणार रांगेत उभं राहायला, तेही पोरीसाठी!

"तोच दाखला शाळेत, तोच नोकरीत," आत्या म्हणाली. "नोकरीतून दोन वर्षं आधी घरी बसवलं मला. तिच्या वयानं. आईनं त्या नावानं मला एकदाही हाक मारली नाही. छोटीच म्हणायची. वाढदिवसाला मला गोड भरवायची आणि आत जाऊन दार लावून घ्यायची. जायच्या आधी तिनंच सांगितलं सगळं."

"आणि तुझा खरा वाढदिवस?"

"थंडीचे दिवस होते म्हणे."

मला भयंकर राग आला. आजोबांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. काढून फेकावासा वाटला.

"उक्..."

खोलीत. अगदी आमच्या दोघींच्या मध्ये.

आत्यानं माझ्याकडे बघितलं. "तुलाही ऐकू आलं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला जन्मभर येतंय. कामावर असताना हेडफोनमध्येसुद्धा. आई म्हणायची, उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय समजावं. इतकी वर्षं तिची आठवण काढणारी मी एकटीच होते."

मग तिनं माझा हात धरला.

"फ्रेममध्ये तिला घे. माझ्या आधी. आणि माझं माझं वर्ष लिही. एवढंच हवंय मला."

मी शब्द दिला.

दादा भडकला. "वेड लागलंय का तुम्हाला? ऐंशीच्या पत्रिका वाटून झाल्यात! अठ्ठ्याहत्तरीचा सोहळा कोण करतं?"

त्यानं परस्पर फ्रेम छापून आणली. पाच नावं, पाच फांद्या. कशी छान बसली होती!

कार्यक्रम सकाळी अकराला होता. हॉल भरलेला. फ्रेमवरचा कपडा दादानं ओढला, टाळ्या पडल्या. आत्याच्या हातात माईक दिला. ती फ्रेमकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

आणि माईकमधून आलं...

"उक्..."

सगळ्या हॉलनं ऐकलं. पुढच्या रांगेतली दोन माणसं हसली.

"उक्... उक्..."

मग कोणी हसलं नाही. आत्याचे ओठ अजून मिटलेलेच होते.

"आज माझा वाढदिवस नाही," आत्या शेवटी म्हणाली. "माझ्या मोठ्या बहिणीचा आहे. तिला या चित्रात जागा मिळालेली नाही. मलाही नाही."

दादा लालबुंद झाला. चारचौघांसमोर म्हणाला, "पुढच्या आठवड्यात नवीन फ्रेम करतो, आत्या."

आत्या नवव्या दिवशी गेली. दुपारी पडली होती, उठली नाही.

नवीन फ्रेम झाली नव्हती.

आणि आता मला जे सांगायचंय, ते सांगताना माझी मलाच चीड येते.

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म माझ्यासमोर आला. जन्मतारखेच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं.

"दाखल्याप्रमाणे लिही गं," दादा म्हणाला. "नाहीतर सगळं अडकून बसेल. लोक बाहेर थांबलेत."

मी लिहिलं. स्वल्पविराम चुकला तरी लेखकांशी भांडणारी मी. मोठीची तारीख लिहिली. वय ऐंशी. खाली माझी सही.

पेन उचललं तेव्हा कानाशी उचकी आली...

"उ..."

अर्धीच. मध्येच तुटली.

त्यानंतर ती उचकी मला कधीच ऐकू आली नाही.

दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या तळघरात गेले. रेकॉर्डकीपरनी वही काढली. "बघा, लागली मृत्यूची नोंद. ही मुलगी आता पूर्ण झाली."

मोठी पूर्ण झाली. चार महिने जगलेल्या बाळाला ऐंशी वर्षांचं आयुष्य मिळालं आणि मरणही मिळालं.

आणि छोटी? जन्म नाही, मृत्यू नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची जितीजागती बाई कुठल्याच वहीत नाही. मी सहीनिशी पुसलं तिला.

दुरुस्तीचा अर्ज मी तीन वेळा केला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं. अशा व्यक्तीची नोंद आढळत नाही.

मी आता स्वतः वंशवृक्ष काढते आहे, हातानं. मोठी, दोन्ही मुलगे, सगळे घेतलेत. छोटीआत्याची जागाही केली आहे. पण तिच्या नावाखाली तारीख काय लिहू? थंडीचे दिवस?

तिच्या चष्म्याचं घर आम्ही तिच्या सामानाबरोबर देऊन टाकलं होतं. मी स्वतः पिशवीत घातलं होतं.

तरी रोज दुपारी, मी कागद पसरून बसले की टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं...

टक... टक...

"ऐकतेय गं आत्या," मी म्हणते. कधी रडून म्हणते, कधी ओरडून.

ते थांबत नाही.