गिटारची धार कुणी चोरली?

"ताई, मन्ही गिटारनी धार कोनीतरी चोरी ऱ्हायनं!"

कुंदन हे आपल्या अहिराणीत इतक्या मोठ्याने बोलला, की राघोमामांचा चहा बशीत सांडला. मामांनी कपाळाला हात लावला. त्यांची भाची योगिता सुरतच्या उधन्यात खाजगी डिटेक्टिव्ह होती. आजवर तिच्याकडे लग्नाळू मुलांची चौकशी नाहीतर हरवलेल्या स्कूटी यायच्या. आता आवाज चोरीला जाऊ लागले होते.

"सावकाश सांगा, कुंदनभाऊ," योगिता म्हणाली. "धार म्हणजे?"

"खणखणीत आवाज हो. तार छेडली की जो चमकतो तो. हल्ली सगळं घोंगडीखालून आल्यासारखं ऐकू येतं. तार बदलली, वायर बदलली, कॅबिनेट तर तिसरं आणलं, चार स्पीकरचं. चार दिवस झाले की पुन्हा तेच!"

तेवढ्यात मामांच्या खिशातला मोबाइल चिमणीसारखा चिवचिवला. नातीने लावून दिलेली ती बारीक रिंग त्यांना काही केल्या बदलता येत नव्हती. मामा ओशाळून खिसा दाबू लागले. कुंदन मात्र जराही न अडखळता बोलत राहिला. योगिताने एकदा खिशाकडे पाहिलं, एकदा कुंदनकडे.

"संशय हर्षदावर आहे," तो म्हणाला. "गाते आमच्याकडे, सुरुवातीपासून. माझ्या आवाजावर तिचाच राग आहे. रविवारी गोडादऱ्याला मोठा कार्यक्रम आहे. त्याआधी चोर सापडला नाही, तर मी तिला बँडमधून काढणार."

"तुम्ही एरवी काय करता?"

"लूमच्या खात्यात आहे, यंत्रमागावर. मिसरूड फुटायच्या आधीपासून."

'तापीकाठ' बँडची तालमीची खोली साड्यांच्या गोदामावर होती. कोपऱ्यात कुंदनचं कॅबिनेट बुटक्या फ्रीजसारखं उभं होतं. कुंदनने एक तार छेडली आणि मामांचे दात शिवशिवले.

"ऐकलंत? मेलेला आवाज!" कुंदन म्हणाला.

मामांना आवाज चांगलाच जिवंत वाटला होता, पण त्यांना संगीतातलं कळत नव्हतं. अ‍ॅम्पवरचं बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण वरच्या टोकाला टेकलं होतं, हे योगिताने वाकून पाहिलं.

हर्षदाला बाहेर जिन्यात नेऊन विचारलं, तेव्हा ती भडकलीच.

"मी चोरलं? अहो, मला स्वतःचं गाणं ऐकू येत नाही! पुढच्या रांगेतल्या बायका कानात पदर कोंबून बसतात. कंटाळले मी. एकदा तोच म्हणू दे, जा, म्हणजे सुटले."

असं म्हणताना तिचे डोळे भरून आले होते. मामांना वाटलं, नक्की हीच.

ड्रमवाल्या गजेंद्रची तऱ्हा वेगळी. "स्टेजवर तो मुद्दाम करतो, ताई. हर्षदा म्हणते, कडवं सोड, हा वाजवतोच. इथे तालमीत गोल करून, समोरासमोर बसलो की एक चूक नाही. तिथे ती पब्लिककडे तोंड करून उभी राहिली की याच्या अंगात येतं."

मामांना वाटलं, मग हाच असेल. याचाही राग आहेच.

मिक्सर सांभाळणाऱ्या दीपकच्या कानांत कापूस होता. प्रश्न दोनदा विचारावा लागला. "गिटार? मी तिचं चॅनल कधीचं बंद ठेवलंय. तरी हर्षदाच्या माइकमधून गिटारच जास्त येते. चोरायला उरलंय काय?"

मामा वैतागले. तिघेही म्हणतात आवाज फार, गिटारचा मालक म्हणतो आवाज गेला. एकतर तिघे मिळालेले आहेत, नाहीतर आपलं डोकं फिरलंय.

योगिताने कोपऱ्यातला एका स्पीकरचा लहानसा जुना बॉक्स उचलला.

"आधी सोपं उत्तर बघू. मोठं कॅबिनेट जमिनीवर आहे. जाड आवाज खोलीभर पसरतो, पण धारदार आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो. कुंदनभाऊ त्याच्या पुढ्यात उभे राहतात, म्हणजे धार लागते पोटऱ्यांना आणि पुढच्या रांगेला. कान पोटरीला नसतात."

मामांनी मांडीवर थाप मारली. सुटली केस! एवढ्यासाठी अख्खी दुपार गेली.

योगिताने बॉक्स खुर्चीवर ठेवला, मागे कलवला आणि कुंदनच्या चेहऱ्यावर रोखला. "वाजवा."

कुंदनने तार छेडली. हर्षदाने कानांवर हात ठेवले. दीपकने कापूस आणखी आत दाबला.

"घोंगडीच," कुंदन म्हणाला. "या बॉक्सलाही हात लावलाय कोणीतरी."

योगिताचा चेहरा उतरला. तिला ते सोपं उत्तर खरं ठरायला हवं होतं.

"चोर सापडलाय," ती हळू म्हणाली. "पेट्या बदलल्या, तारा बदलल्या, वायर बदलली. चोरी चालूच. मग बदललं नाही असं काय आहे? तुमचे कान, कुंदनभाऊ."

"मी बहिरा? तुमचा शब्दन् शब्द ऐकतोय!"

"निम्मा ऐकता, निम्मा बघता. लूमच्या खडखडाटात सगळेच ओठ वाचून बोलतात. म्हणून तालमीत समोरासमोर चूक नाही आणि स्टेजवर हर्षदाची पाठ दिसली की गोंधळ. मामांचा फोन चिवचिवला, तो तुम्हाला कळलाच नाही. बारीक आवाज आधी जातात. गिटारची धार म्हणजे नेमके तेच. तुम्ही ते बटण वाढवत गेलात, आणि उरलेलेही जायला लागले."

कुंदन काही बोलणार, तोच योगिताने ओढणी तोंडापुढे धरली आणि विचारलं, "मग रविवारी हर्षदाला काढणार का?"

कुंदन त्या ओढणीकडे बघत राहिला. मग त्याने वळून हर्षदाकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते.

"काय विचारलं त्यांनी?" तो म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज मोठा नव्हता.

तो कॅबिनेटवर बसला.

"परत येईल?"

"ते कानाचे डॉक्टर सांगतील," ओढणी खाली घेऊन योगिता म्हणाली. "गेलेलं बहुधा येत नाही. उरलेलं राखता येतं. खात्यात आणि इथेही कान झाका, आणि ही मोठी पेटी विका."

मामांना दिवसभराच्या वैतागाची लाज वाटली. या पोराचा त्यांना फार राग आला होता.

कुंदनने अ‍ॅम्प हर्षदाकडे सरकवला. "आवाज तू लाव. तुला गाता येईल तेवढाच."

हर्षदाने बटण बरंच खाली आणलं. मग माइकचा स्टँड उचलला आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाठ करून कुंदनसमोर उभी राहिली.

"रविवारी पण अशीच उभी राहणार," ती म्हणाली. "पब्लिकला पाठ दिसली तर दिसू दे. आता बघ, आणि वाजव."